वाणात गेलेली खरवडणी

मित्रांनो, मी माशाचे खवले काढायची स्टीलची खरवडणी आहे. वय जेमतेम वर्षाचं, पण कपाटात पडून पडून जुनी झाले. आज मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून बोलते आहे.

माझी मालकीण संचिता भाईंदर पूर्वेला भांडी बनवणाऱ्या गाळ्यात काम करते. घरी मासे साफ करताना खवले उडून भिंतीला, केसांना चिकटायचे. "कोल्यांच्या घरात आलीस, हे चालायचंच!" असं म्हणून तिच्या सासूबाई, अनसूया, हसायच्या. पण संचिता हट्टी. सात महिने पत्रे कापून तिने मला घडवलं. माझे दाते खवले काढतात आणि ते माझ्या झाकणातच साठतात. माझं पेटंट स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि स्वतःचा गाळा सुरू करायचा, एवढंच तिचं स्वप्न होतं.

मग संक्रांत आली. अनसूया म्हणाल्या, "प्लास्टिकचे डबे कसले वाटतेस? तुझ्या हातचंच दे." संचिताने माझ्यासारख्या एकवीस जणी बनवल्या आणि सिल्व्हर पार्क सोसायटीतल्या आपल्या घरी हळदीकुंकवात वाण म्हणून लुटल्या. वर सगळ्यांसमोर माझं झाकण उघडून दात्यांचा कोनही समजावला. "हळदीकुंकवाला मासळीचं हत्यार!" म्हणत शेजारच्या नीलमने नाक मुरडलं, पण व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर तिनेच टाकला. टाळ्या वाजल्या तेव्हा मी फुलून गेले होते. आता त्या आठवल्या की जीव कासावीस होतो.

मार्चमध्ये दोघी मला घेऊन मीरा रोडला पेटंटची कामं करणाऱ्या गुणवंत सरांकडे गेल्या. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "अर्जाआधी हे कुणाला दाखवलंय का?"

"न्हाय म्हनून सांग," अनसूया कुजबुजल्या. "कोन येतंय बघायला?"

संचिताने मला सरांच्या टेबलावर ठेवलं. "आई, एकवीस घरांत आहे ती. खोट्यावर गाळा उभा केला तर मला झोप लागेल का?" मग तिने सरांना सगळं सांगून टाकलं.

"मग ही गेली, ताई," सर म्हणाले. "लोकांसमोर उघड झालं की कायद्याच्या लेखी ते नवं राहत नाही, त्याचं पेटंट मिळत नाही. पुढे खरंच वेगळं काही सुचलं, तर आधी अर्ज, मग हळदीकुंकू."

रिक्षात संचिता रडली. अनसूयांनी मला पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं.

पण माझी मालकीण हट्टी आहे, हे मी सांगितलंच. आता कपाटात माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे. नीलम रोज विचारते, "काकू, नवीन काय बनवतेय संचिता?" अनसूया दारातच उभ्या राहून म्हणतात, "काय न्हाय गो, डाल शिजतेय."

मित्रांनो, आपल्या कल्पनेला जपा. कौतुकाची घाई करू नका. माझी बहीण तर इतकी हुशार आहे! मी जिथे अडते, तिथे तिला एक...

नको. मी एकदा उघडी पडले तेवढं पुरे. अर्ज सोमवारी जाणार आहे. तोवर मला काही विचारू नका.