प्रत्यक्ष पाहणी

डोळ्यांनी पाहिलं म्हणे! तीन महिने त्या ऋषी सरांचं हेच तुणतुणं चालू होतं. "मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी, प्रेस नंबर तीनवर गार्ड पाहिलाय." रिपोर्टमध्ये तर अजून भारदस्त: ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता गार्ड सुस्थितीत आढळला.’ सुस्थितीत! आणि त्याच दिवशी दुपारी साडेचारला त्याच प्रेसखाली माझ्या भावाची, सुगतची, उजव्या हाताची चार बोटं गेली.

वर हॉस्पिटलमध्ये तो गुंगीत असताना मालकानं एका कागदावर त्याचा डावा अंगठा उठवून घेतला. काय तर म्हणे, गार्ड मीच काढून ठेवला होता. बारावी पास पोरगा, झोकात सही करायचा, त्याला अंगठेबहाद्दर करून टाकला मेल्यांनी.

आमचं वर्कशॉप नवी मुंबईत, पावण्याला. गाड्यांच्या दरवाज्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या प्रेसच्या मशीनवर ठोकून काढायचं काम. मालक देवजीशेठ, बोनकोड्याचे. मी तिथं सहा वर्षं चेकिंगला, सुगतला पण मीच चिकटवला. ज्या मोठ्या कंपनीचं काम आमच्याकडं येतं, तिच्यातर्फे हे ऋषी सर वर्षातनं दोनदा सेफ्टीची पाहणी करायला यायचे. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं उभं राहायचं, टॅबवर टिक मारायची, फोटो काढायचा, चहा घ्यायचा, चालले. गार्ड म्हणजे प्रेसच्या तोंडापुढची लोखंडी जाळी. ती असली की हात आत जातच नाय. आमच्या तीन नंबरला ती कधी नव्हतीच.

मग सरांनी पाहिलं ते काय होतं? पुठ्ठा होता. खोक्याचा पुठ्ठा, त्याला चौकोनी भोकं पाडून पिवळा ऑइल पेंट मारलेला, काळे पट्टे ओढलेले. मला कसं माहीत? कारण तो मी केला होता. ह्या माझ्या हातांनी.

चौदा एप्रिलला आमच्या वस्तीच्या रथावर दरवर्षी पुठ्ठ्याचा स्तूप मी करते. गेल्या वर्षी देवजीशेठनं तो बघितला, दगडाचा समजून. पाहणीच्या आदल्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. "राजश्री, खरा गार्ड आठ दिवसांनी येनार हाय. पन उद्या सायेब नापास करंल, काम जाईल, चाळीस मानसा घरी बसतील. तुझ्या हातात कला हाय. सायेब गेला का लगेच काढून टाकू." मी पण शहाणी! चाळीस माणसं ऐकली आणि विरघळले. कला म्हटल्यावर फुगले पण, खोटं कशाला बोलू? रात्रीपर्यंत बसून असा गार्ड केला की शेठ स्वतः म्हणाला, आयला, लोखंडच.

सर सकाळी अकराला आले नि गेले. शेठनं काढला नाय. तीनच्या शिफ्टला सुगत आला, त्यानं पिवळा गार्ड बघितला, त्याला वाटलं, बसवला बाबा एकदाचा. दीड तास निवांत काम केलं त्यानं. साडेचारला अडकलेली पट्टी ओढताना कोपर टेकवलं गार्डवर, भरवशानं. पुठ्ठा वाकला आणि हात आत गेला.

शेठनं काढला असेल असं धरून मी मागच्या खोलीत माल मोजत होते. ओरडणं ऐकून धावले तेव्हा शेठ हातानं रक्ताळलेला पुठ्ठा फाडत होता. रिक्षा यायच्या आधी पुठ्ठा भट्टीत गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरवर खरा लोखंडी गार्ड! आठ दिवस लागणार होते ना रे?

सुगत सगळ्यांना सांगत सुटला, मी कोपर टेकवलं आणि गार्ड वाकला. लोक हसायचे. लोखंड वाकतं का कोपरानं? वर सरांनी काढलेला फोटो होताच. शेवटी शेवटी पोरगा स्वतःच डळमळला. एक दिवस आई, आमची बायजाबाई, त्याला घास भरवत होती, तर मधेच मला म्हणतो, "ताई, मीच काढला असेल का गं? मला नीट आठवतच नाय."

आणि मी काय केलं? गप्प बसले. भित्री! शेठची भीती नव्हती, सुगतच्या नजरेची होती. मी केला होता म्हटल्यावर हा माझ्याकडं कसा बघेल, तेवढ्यापायी तीन महिने मी त्याला वेडा होऊ दिला. पण त्या दिवशी मनाशी ठरवलं. शेठला सोडणार नव्हते मी, आणि त्या डोळेवाल्याला तर नाहीच नाही.

मोठ्या कंपनीनं चौकशी लावली. सोमवारी अडीचला त्यांच्या प्राची मॅडम येणार, जागेवर उभं राहून सगळ्यांचं ऐकणार आणि लिहिणार. सुगतनं गार्ड काढला असं एकदा लिहिलं गेलं की जन्माचा शिक्का. पुन्हा कुठं कोण उभं करणार त्याला?

रविवारी मी दुसरा गार्ड केला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तीन नंबरचा मेन बंद केला, फ्यूज काढून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. लोखंडी गार्डचे चार बोल्ट सोडून तो खोक्यांमागं सारला आणि माझा पुठ्ठा चिकटवला.

अडीचला सगळे जमले. मॅडम, सर, शेठ, आणि हात शर्टाच्या आत लपवलेला सुगत. मॅडमनी विचारलं तसं सर बोट दाखवून म्हणाले, "हाच गार्ड. त्या दिवशीही हाच होता."

मी पुढं झाले. "सर, नक्की लोखंडी आहे?"

"म्हणजे काय! समोर दिसतंय की."

"मग हात लावून पाहा ना."

"त्याची काय गरज आहे?"

"लावा हो," मॅडम म्हणाल्या.

सरांनी चार बोटं टेकवली आणि दाबली. पुठ्ठा कचकन आत गेला, सरांचा हात मनगटापर्यंत प्रेसच्या तोंडात! असे किंचाळून मागे सरले की टॅब पडला. वीज नव्हती हो, फ्यूज माझ्या खिशात. पण त्यांना कुठं माहीत? पांढरेफटक पडले. काळीज थंड झालं माझं. वाईट वाटायला पाहिजे होतं, नाय वाटलं. अजून दोन मिनिटं तसेच थरथरले असते तरी चाललं असतं मला.

शेठ मात्र बेरकी. "मॅडम, ह्यो हिनं आज केलाय. आजचा पुठ्ठा बघून त्या दिशीचा कसा कलंल? त्या दिशी लोखंडच व्हता."

मॅडमनी मान हलवली. "त्यांचं बरोबर आहे. ह्यावरून एवढंच कळतं की ऋषींना फरक कळत नाही. त्या दिवशी काय होतं ते ह्यावरून कळत नाही."

मला ठाऊक होतं गाडी इथं येऊन थांबणार. तरी मनात होतं, सर घाबरून कबूल करतील, शेठ फुटेल, माझ्यावर येणार नाय. आलंच.

"त्या दिवशीचा पण मीच केला होता," मी म्हटलं.

"भावासाठी बहीन कायबी बोलंल!" शेठ ओरडला.

"मॅडम, त्यांचा तो फोटो काढा. खालचा उजवा कोपरा मोठा करा. मला बोल्ट कमी पडले होते. तिथं बोल्ट नाय, माझ्या कुर्त्याचं बटण आहे. वर रंग मारलाय, पण चार भोकं दिसतील."

मॅडमनी टॅब उचलला, दोन बोटांनी फोटो ताणला. मग टॅब सरांपुढं धरला. "मोजा," म्हणाल्या. सरांनी मोजली. मोठ्यानं मोजायला लावली त्यांनी. एक, दोन, तीन, चार. शेठ मटकन खोक्यावर बसला. मॅडमनी तिथंच लिहायला घेतलं आणि पहिली ओळ वाचून दाखवली: सुगतनं गार्ड काढलेला नाही.

मी सुगतकडं वळले. तोंडभर हसत होते मी, खरंच. जिंकलो रे, असं म्हणणार होते.

तो टॅबकडं बघत होता. "म्हणजे वाकलाच होता," हळूच म्हणाला. "मी वेडा नव्हतो."

"नाय रे राजा. कधीच नव्हतास."

मग त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. नखांत कालचा पिवळा रंग होता. मी हात मागं घेतले.

"दादरचा डॉक्टर," तो म्हणाला, "डोक्याचा. त्याच्याकडं मला तू घेऊन गेली होतीस ना? धक्क्यानं असं होतं, त्याचं ऐक, म्हणालीस. त्या गोळ्या रोज रात्री तू घ्यायला लावतेस मला."

मॅडमचं पेन थांबलं होतं.

सुगतनं डाव्या हातानं खिशातली गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या चेकिंगच्या टेबलावर ठेवली.

"आईला मी काय सांगणार नाय," तो म्हणाला. "तू सांग. मी समोर बसतो."