शिवकन्येचे उसने आवाज

शिवकन्या पाच वर्षांची होती तेव्हा घरात चिमणीसारखी चिवचिवायची आणि उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. शाळेत दोन वर्षं एक शब्द नाही. आजी नर्मदाबाईंनी दृष्ट काढली, आई पुनमनं डॉक्टर गाठला. तो म्हणाला, मोठी झाली की बोलेल.

आणि बोलली की! तेरावं लागलं तशी पोरगी अख्ख्या गोरेगाव खेड्याच्या नकला करायला लागली. हेडमास्तरांचं खाकरणं, जीपवाल्या धर्मसिंगची हाळी. लोक हसून बेजार.

"घ्या, मुकी म्हणत होते माझ्या नातीला!" नर्मदाबाई मिरवायच्या.

पुनमही हसायची. पण कॉलेज शिकलेल्या तिच्या डोक्यात एक किडा वळवळायचा: नक्कल नसते तेव्हा ही बोलते कशी? ती लक्ष ठेवू लागली. दुकानात, देवळात, लग्नात. पोरगी एक तर दुसऱ्याच्या आवाजात बोलायची, नाहीतर तिच्या वाटचं पुनमच बोलून टाकायची. "तिला निळा पेन द्या." "तिला तिखट चालत नाही."

परवा कान दुखला म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय गं?"

शिवकन्येनं कमरेवर हात ठेवला अन् हुबेहूब आजी झाली. "काय सांगू माय, कान लई ठणकून राहिला!"

कंपाउंडरसुद्धा हसला.

"वा! आता तुझ्या आवाजात सांग. कधीपासून?"

पोरगी थिजली. ओढणी बोटाला इतकी आवळली की बोट पांढरं पडलं. गळा हलला, आवाज नाही. "दोन दिवस झाले," शेवटी पुनमनंच सांगून टाकलं. पुनमला लख्ख दिसलं: लहानपणचं ते मुकेपण गेलंच नव्हतं, त्यानं नुसतं सोंग बदललं होतं.

निघताना डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "हिंगोलीत अशा मुलांना बघणाऱ्या मॅडम आहेत, दाखवून या. आणि ताई, तिच्या वाटचं बोलणं तेवढं सोडा."

घरी कानात थेंब घालताना पुनमनं विचारलं, "शिवे, आजीच्या आवाजात बोलताना भेव वाटत न्हाई?"

"न्हाई."

"काहून गं?"

"आजीसारखं बोललं की लोक आजीला हसतात. माझ्यासारखं बोललं की माझ्याकडं बघतात."

इतक्या वर्षांत पुनमनं हे कधी विचारलंच नव्हतं.

"चांगल्या पोरीला काहून दवाखाने दाखवून राहिली?" नर्मदाबाई करवादल्या.

"आत्या," पुनम सासूला म्हणाली, "चांगलीच आहे ती. पण तिला तकलीफ आहे."

दुसऱ्या दिवशी जीपपाशी धर्मसिंगनं विचारलं, "काय शिवामाय, कुठं निघाली?"

पुनमच्या ओठावर उत्तर आलंच होतं. तिनं ते गिळलं. जीपमधले सगळे शिवकन्येकडे वळले. तिनं आईकडे पाहिलं. आई टपावरच्या पोत्यांकडे बघत राहिली.

"हिंगोली."

"आँ?"

पुनमनं दात आवळले.

"हिंगोली म्हटलं ना!"

चिडका, किनरा, सकाळी अंथरुणातून उठवल्यावर घरात ऐकू यायचा तो आवाज.

"बसा मग, वरडता काहून?" धर्मसिंग म्हणाला.

लालबुंद होऊन शिवकन्या आत शिरली. हिंगोली येईपर्यंत ती पुन्हा बोलली नाही, आणि पुनमनंही तिला बोलतं केलं नाही.