खंडोबाला वाहिलेला चष्मा

मित्रांनो, धारूरजवळच्या टेकडीवर खंडोबाचे एक छोटे देऊळ आहे. तिथल्या तुळईला दोऱ्याने टांगलेला जुना चष्मा म्हणजे मी. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. पण एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे, म्हणून बोलतो.

केजच्या एका दुकानात माझ्या काचा बसवल्या गेल्या. नंबर उणे सात. माझा मालक धुळाजी हा मेंढरे राखणाऱ्या घरातला. मी नाकावर नसलो की त्याला मेंढी कोणती आणि धोंडा कोणता हे कळत नसे. त्याला सहकारी डेअरीच्या दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर व्हायचे होते. चेअरमन त्रिंबकराव हसून म्हणाले, "एवढ्या जाड काचा लावून गाडी हाणतो का बे? दूध ऱ्हाऊ दे, तूच जाशील नदीत!"

ते त्याला फार लागले. त्याने शहरात जाऊन लेझरने नंबर घालवायचे ठरवले. त्याची आई भामाबाई नवस बोलली, "खंडेराया, लेकाचा चष्मा जाऊ दे, तुझ्या दारात आणून बांधीन."

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई समजावत होत्या तेव्हा मी धुळाजीच्या खिशात होतो. त्या म्हणाल्या, "चष्मा जाईल. पण डोळा पुढेही बदलत असतो. मोठा नंबर असला की थोडा परत येऊ शकतो. कुणाला पाच वर्षांनी, कुणाला दहा, कुणाला कधीच नाही. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेलच. वर्षातून एकदा तपासायला या." भामाबाईंनी त्यातले पहिले वाक्य तेवढे ऐकले आणि हात जोडले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. भंडारा उधळून मला इथे बांधले. मला आनंद झाला आणि रडूही आले. पुढे दर रविवारी धुळाजी यायचा आणि पायरीवरूनच ओरडायचा, "आये, चष्म्याच्या काडीवरला भंडारा दिसतो बघ हितून!" तो डेअरीची गाडी चालवत होता. मी धुळीने भरत गेलो, पण मला त्याचे काही वाटत नव्हते.

मग काही वर्षांनी दुष्काळ पडला. दूध आटले. डेअरीने जनावरांची छावणी उघडली आणि धुळाजीला पाण्याच्या टँकरवर घातले. एका रविवारी तो अगदी माझ्याखाली येऊन उभा राहिला आणि डोळे बारीक करून वर पाहू लागला. मी समजलो.

सोबत आलेली त्याची बायको कडूबाई म्हणाली, "तपासून या की. नवा चष्मा घ्या."

"देवाला वाहिलं ते नाकावर चढवायचं?" भामाबाई कडाडल्या. "नवस खोटा ठरला म्हनंल गाव."

"ह्यो न्हाई, नवा म्हनले मी."

"चष्मा त्यो चष्माच!"

धुळाजी अंदाजाने टँकर चालवत राहिला.

मग एका संध्याकाळी, हे मी नंतर देवळात ऐकले, छावणीत टँकर मागे घेताना तिथे जनावरे आणलेल्या हरिबाची कालवड चाकाखाली गेली. तिला धरून उभा असलेला हरिबा कसाबसा वाचला. दुसऱ्या दिवशी भामाबाई लेकाला घेऊन वर आल्या. "देवा, चुकलं माकलं पदरात घे," असे म्हणत त्यांनी मला सोडले, पदराने पुसले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर ठेवले.

धुळाजीने समोर पाहिले. मला काढले, पुन्हा लावले.

"आये, यातून बी दिसंना. डोकं फिरतंय."

भामाबाई गाभाऱ्याकडे वळल्या. "डोळे बी नेले, चष्मा बी नेला रं देवानं."

मित्रांनो, मी तेव्हा किती ओरडलो असतो! देवाने काहीच नेले नव्हते. त्याच्या नाकावर बसताच मला कळले होते, परत आलेला नंबर जेमतेम दोन होता आणि मी होतो सातचा. एक पातळ, नवा चष्मा पुरला असता. पण चष्म्याला तोंड नसते. धुळाजीने मला पुन्हा तुळईला बांधले आणि आईचा हात धरून तो आंधळा झाल्यासारखा पायऱ्या उतरला.

टँकर आता गावातला म्हाळू चालवतो. देवळात आला की तो सांगतो, धुळाजी दिवसभर ओट्यावर बसून असतो.

तुमच्या घरी कुणी असे डोळे करून घेतले असतील, तर दरवर्षी तपासायला न्या. नंबर परत येणे हे पाप नाही, शापही नाही. आणि कधी धारूरकडे आलात, तर धुळाजीला एवढे सांगा. तो आता रविवारी येत नाही.