निळ्या मासोळीतलं पाणी

"ओळख बरं, खुशाल," असं म्हणत बापूसाहेबांनी खिशातून निळी मासोळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली, नेमकी कुणाच्या तरी वरच्या कवळीच्या शेजारी.

ओळखणार नाही तर काय! चार बोटं लांब, पोकळ प्लास्टिकची, माशांना भुलवायला दोरीला लावून फेकायची नकली मासोळी. पोटात छर्‍यांसारख्या गोळ्या, तोंडाशी पाण्यात बुडी मारायला पारदर्शक जीभ, पोटाला आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ. बारा वर्षांत ती नऊ वेळा माझ्या हाताखालून गेली होती. जीभ तुटली ती मी बसवली. गळाच्या गंजलेल्या कड्या मी बदलल्या. तीन वर्षांपूर्वी पोटातलं वजन सुटलं, तेव्हा तिचे दोन भाग उकलून, वजन जागच्या जागी बसवून, सांधा परत जोडला तोही मीच. त्यानंतर ती माझ्याकडे आलीच नव्हती. मला वाटायचं, काम पक्कं झालं.

पण आता तिची पाठ मोरपंखी होती, पोट चंदेरी होतं, एकेक खवला वेगळा काढलेला होता. आणि डोळा तर असा जमला होता की तो आपल्याकडेच बघतोय असं वाटावं.

"कोणी रंगवली?"

"प्राजक्तानं. अकोल्याची आहे, शाळेत चित्रकला शिकवते. काटेपूर्णा धरणावर भेटली. परवाना काढून स्वतः गळ टाकते रे, माझ्यापेक्षा लांब टाकते. आणि हात काय आहे पोरीचा! मी तर बघतच राहिलो."

मी कवळी उचलून घासायला घेतली. तिला घासायची काहीच गरज नव्हती.

माझा धंदा कवळ्यांचा. राजापेठेत एक खोली आहे, दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवतात, मी दात बसवून देतो. मासोळ्यांची दुरुस्ती ही फक्त बापूसाहेबांसाठी. त्यांचं घराणं पुजार्‍यांचं, ते स्वतः वकील, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. असा माणूस तीस वर्षांपासून धरणावर जाऊन मरळ धरतो आणि हात लावून परत पाण्यात सोडून देतो. त्यांच्या मासोळ्या दगडावर आपटून फुटायच्या आणि अमरावतीत त्या जोडणारा कुणी नव्हता. एकदा ते स्वतःच्या दाढेसाठी डॉक्टरकडे आले, तिथे माझी ओळख झाली, आणि मग दर मंगळवारी माझ्या खोलीत चहा ठरूनच गेला.

निळी मासोळी त्यांच्या पत्नीनं, कुंदावहिनींनी आणलेली. गंगासागरला यात्रेला गेल्या होत्या, येताना कलकत्त्याच्या दुकानातून घेतली. "घरात शिजणार नाही, पण खेळायला ही घ्या," म्हणाल्या होत्या. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. बापूसाहेबांच्या पेटीत चाळीस मासोळ्या असतील. हरवली तर चालणार नाही अशी ही एकच होती.

आणि ती त्यांनी अकोल्याला नेऊन दिली. मला विचारलंसुद्धा नाही.

खरं सांगतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांत माझ्या कामाला या माणसानं एकदा 'वा' म्हटलं नव्हतं. मी दुरुस्त केलेली मासोळी हातात दिली की बघायची नाही, वाजवायची नाही, सरळ खिशात. आणि ही कोण कालची बाई, हिचा हात बघतच राहिले म्हणे.

सवयीनं मी मासोळी उचलून कानाशी हलवली. आतून कोरडी असली की गोळ्या खुळखुळ वाजतात. आत पाणी शिरलेलं असलं की आवाज बसका येतो, गोळ्या आळसावल्यासारख्या सरकतात.

आवाज बसका होता.

मी मनात म्हटलं, घ्या! बाईंनी पाणी काढलं नाही, वाळवलं नाही, वरून रंगाचे थर चढवले आणि आतलं पाणी आतच कोंडलं. आमच्याकडचा मे महिना, बंद गाडीत ठेवलेली मासोळी, आत पाणी. त्याची वाफ धरली की सांधा उकललाच समजा. तीस वर्षांत मी बापूसाहेबांना एक वाक्य बोलल्याशिवाय दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. 'वकीलसाहेब, गाडीत उन्हात ठेवू नका.' कोरड्या मासोळीलाही मी ते बजावायचो.

"कशी वाटते?" त्यांनी विचारलं.

"छान रंगवली."

"बाकी?"

"बाकी काय. छानच आहे."

त्यांनी मासोळी खिशात टाकली, चहा संपवला आणि गेले. ते वाक्य मी बोललो नाही. विसरलो नव्हतो.

जेवताना वच्छलानं माझ्याकडे दोनदा पाहिलं. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिच्यापासून काही लपत नाही.

"भाजी आळणी झाली का?"

"नाही."

"मंग तोंड काहून पाडून बसले?"

मी प्राजक्ताबद्दल सांगितलं. पाण्याबद्दल नाही सांगितलं.

"म्हंजे तुमच्या पोटात दुखून राह्यलं," ती म्हणाली. "मी तुमच्या कवळ्याईले कधी चांगलं म्हटलं का? अन् तरी तुमी करताच ना? रंगवू द्या तिले."

"ते येगळं हाय."

"काई येगळं नाही. भाकर घ्या."

मधल्या मंगळवारी बापूसाहेब कोर्टाच्या कामामुळे आले नाहीत. पुढचे दहा दिवस मी रोज फोन हातात घेतला. एक वाक्य तर सांगायचं होतं. पण फोन लावला की आधी 'हात काय आहे पोरीचा' हे आठवायचं आणि मी तो खाली ठेवायचो. शिवाय असंही वाटायचं की फुटू दे एकदा, म्हणजे कळेल रंग कशाला म्हणतात आणि काम कशाला म्हणतात. माणूस इतका हलका होऊ शकतो, हे मला माझ्यावरूनच कळलं.

अकराव्या दिवशी दुपारी खोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. तिशीची, हातात हेल्मेट, नखांत निळा रंग.

"खुशालकाका ना तुमी? मी प्राजक्ता. बापूसाहेब सरांनी तुमच्याबद्दल लय सांगितलं."

मी स्टूल पुढे केलं. तिनं पिशवीतून डबी काढून उघडली. आत निळ्या मासोळीचा अर्धा भाग होता, उजवा.

"दुसरा?"

"धरणात गेला," ती म्हणाली. "मासोळी गाडीत काचेपाशी ठेवली होती. दुपारी सरांनी गळाला लावली, दुसर्‍याच फेकीत दगडावर लागली अन् उकलली. दोन तास पाण्यात हात घालून शोधलं, काका. सर तर कमरेइतक्या पाण्यात उतरले. नाही सापडला. मंग काठावर बसून राह्यले."

मी अर्धा भाग हातात घेतला, पण बघायचं धाडस होईना.

"माझीच चूक असंन," ती म्हणाली. "रंगाच्या आधी काही करायचं राहून गेलं का, ते विचारायले आली. मी फक्त वरचा रंग खरवडला होता. सरांनी बजावलं होतं, आत खुशालचं काम आहे, त्याले हात लावायचा नाही."

"असं म्हणाले?"

"हो. अन् त्या दिवशी धरणावर मी ती हलवून पाह्यली, तर आवाज बद्द आला. मी म्हटलं, सर, आत पाणी असंन, आज नका लावू. तर म्हणाले, खुशालनं कानाशी लावून पाह्यली आहे. काही असतं तर तो बोलला असता."

मी चष्मा लावून मासोळी उजेडात धरली.

आत वजनाभोवती गुलाबी मसाला होता. कवळीच्या हिरडीचा, माझा, तीन वर्षांपूर्वीचा. एका कडेला तो भिंतीपासून सुटला होता, केसाएवढा. तिथून पोटाच्या कडीपर्यंत गंजाची तांबडी रेघ ओघळलेली. असा गंज पंधरा दिवसांत धरत नाही. त्याला वर्षं लागतात. पाणी माझ्याच सांध्यातून शिरलं होतं, आणि तिनं रंगाला हात लावायच्या कितीतरी आधीपासून आत होतं.

"तुमची चूक नाही," मी म्हणालो. "सांधा माझा सुटला."

"काका, उगाच माझ्यासाठी..."

"अन् वकीलसाहेबांनी रंगवलेली दाखवाले आणली, त्याच दिवशी मले आतलं पाणी ऐकू आलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुमी काढलेला मासोळीचा डोळा लय चांगला जमला होता."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं मान खाली घातली आणि हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट-सैल करत राहिली. "सरांले मी काय सांगू?" तिनं हळूच विचारलं.

"तुमी काही नका सांगू. मी जातो."

संध्याकाळी मी बापूसाहेबांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, गंज, सांधा, बसका आवाज, न बोललेलं वाक्य. कारणही सांगितलं. त्यांनी साक्षीदाराचं ऐकावं तसं मध्ये न बोलता ऐकलं. वहिनींच्या फोटोकडे एकदा बघितलं. "हं," म्हणाले. मग म्हणाले, "चहा घेशील?" मी घेतला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

डावा भाग मी परत घडवला. उजव्याकडे बघून उलटा मेणात कोरला, साचा काढला, गुलाबी मसाल्यात ओतला. कुठल्याही रोग्याची कवळी मी इतक्यांदा घासली नसेल. सांधा जोडला आणि सायकलची ट्यूब तपासतात तशी ती गरम पाण्याच्या बादलीत बुडवून धरली. एक बुडबुडा आला नाही. तीन दिवस रोज असंच केलं. मग मी स्वतः एसटीनं अकोल्याला जाऊन ती प्राजक्ताला दिली. तिनं डाव्या बाजूचा डोळा उजव्याला जोड असाच काढला.

"छान झाला," मी म्हणालो. या वेळी मनापासून.

मंगळवारी बापूसाहेब आले. चहा झाला. मी मासोळी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "वकीलसाहेब, गाडीत उन्हात ठेवू नका."

"नाही ठेवत," ते म्हणाले.

मग त्यांनी मासोळी स्वतःच्या कानाशी नेली, दोनदा हलवली, नीट ऐकली, आणि खिशात ठेवली.