पहिल्या रांगेतले बूट

केलेपीने आपले बूट कपाटावर अशा बेताने ठेवले होते की घरात पाऊल टाकणाऱ्याची नजर आधी त्यांच्यावरच पडावी. महिनाभर बोटाला फडके गुंडाळून, पाण्याचा थेंब आणि पॉलिशचा कण घेऊन त्याने त्यांच्यावर चिमुकली वर्तुळे फिरवली होती. एक थर वाळल्याखेरीज दुसरा चढवला नव्हता. बराकीतले इतर शिपाई बुटाचे टोक आणि टाच तेवढी चमकवत. केलेपीला तो आळस वाटे. त्याने सबंध बुटाचा आरसा केला होता.

सोमवारी सार्जंट मानासे पाहणी करणार होते. संसदेच्या उद्घाटनाला राजाला सलामी देणाऱ्या तुकडीत पहिल्या रांगेत कोण, हे तिथेच ठरायचे. त्या रांगेत मुलाला पाहायचे म्हणून त्याची आई हापाई बेटांवरून, बोटीत उलट्या सोशीत, राजधानी नुकुआलोफाला आली होती.

शनिवारी लुसेआने आत्या आली आणि थेट कपाटापाशी गेली.

"अगंबाई! आमच्या लोपेतीला उद्या चर्चमध्ये गायकांपुढे उभं राहून गाणं चालवायचंय, आणि त्याच्या बुटातून अंगठा बाहेर बघतोय. हे नेते मी."

आईने छताकडे पाहिले. बापाच्या बहिणीला नाही म्हणणारा माणूस टोंगात अजून जन्मायचा होता.

"न्या ना, आत्या," केलेपी म्हणाला. पाळलेले डुक्कर देऊन टाकावे तसा त्याचा आवाज झाला.

"घाबरू नकोस रे, खाणार नाही मी ते," दारातून आतेभाऊ लोपेती म्हणाला.

"खाल्लेस तरी चालतील, पण पाय वाकवू नकोस. बदकासारखा चाल."

"तसाच चालतो मी. बायकोला विचार!"

रविवारी लोपेती खरोखरच बदकासारखा चालत गायकांपुढे गेला. बाकांवरच्या बायका खुदखुदल्या. मग भजन सुरू झाले आणि तो सारे विसरला. प्रत्येक वरच्या सुराला तो चवड्यांवर उभा राही. त्याच्या टाचा जमीन सोडत आणि इकडे केलेपीचा जीव जागा सोडी.

घरी आल्यावर पाहिले, तर बोटांपाशी जिथे बूट दुमडतो तिथे भेगांचे जाळे पडले होते. बोट लावताच काळे पापुद्रे गळाले. केलेपीने पॉलिशची डबी उचलली, तोच आईने तिच्यावर हात ठेवला.

"आज रविवार आहे. काम करायचं नाही."

"आई, उद्या पाहणी आहे!"

"ते देवालाही माहीत आहे. आणि रविवारी काम करणं कायद्यानं गुन्हा आहे, केलंस तर पोलिसालाही कळेल."

त्या दुपारी भट्टीतले डुक्करही त्याच्या घशाखाली उतरले नाही. आत्याने त्याचे भरलेले ताट पाहिले, मग भेगाळलेल्या बुटांकडे पाहिले.

सोमवारी उजाडता उजाडता ती लोपेतीला दंडाला धरून हजर झाली. "ज्यानं मोडलं, त्यानं घासायचं. बस खाली!"

लोपेती मुकाट्याने बूट पुसू लागला आणि थबकला. "अरे, टोकाला तर काहीच झालेलं नाही. यात माझं तोंड दिसतंय."

केलेपीने बूट उजेडात धरला. टोक शाबूत होते, टाचही शाबूत होती. कातडे जिथे वाकत नाही तिथे थर टिकला होता. जिथे वाकते तिथे तो कोणाच्याही पायात फुटलाच असता.

"म्हणजे मी परेडला असा गेलो असतो तर..."

"राजासमोर माशासारखे खवले गाळत गेला असतास," लोपेती म्हणाला.

आत्या इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. दोघांनी मिळून दुमडीवरचा जाड थर उतरवला. केलेपीने तिथे साधे पॉलिश पातळ लावले आणि लोपेतीने घाम निथळेपर्यंत ब्रश मारला.

पाहणीच्या वेळी सार्जंट मानासेंनी वाकून बुटाच्या टोकात आपली मिशी न्याहाळली. "चवड्यांवर उभा राहा."

केलेपी उभा राहिला. काहीही गळाले नाही.

"शुक्रवारी तर सबंध बूट लखलखत होता तुझा. अक्कल कुठून आली?"

"सर, आतेभावाच्या वरच्या सुरांतून."

मानासेंनी हसू मिशीखाली दाबले. "पहिली रांग."

परेडच्या दिवशी आई गर्दीत पुढे उभी होती, रडू आवरत. तिच्या शेजारी आत्या मोठ्याने सगळ्यांना सांगत होती, "ते बूट दिसतात ना? आधी आमच्या चर्चमध्ये गायलेत ते. नाताळला पुन्हा न्यायचेत मला."

केलेपीची नजर समोर होती. ओठ घट्ट मिटून त्याने हसू आवरले आणि बँडच्या तालावर निर्धास्तपणे पाय वाकवीत तो पुढे निघाला.