न्हाणीघरात जन्मलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. जबलपूरच्या घमापुरात, एका भाड्याच्या घराच्या न्हाणीघरात माझा जन्म झाला. तेव्हा आमच्या मुलखाला मध्यप्रांत म्हणत. दुकानातल्या काचेमागे मी कधी उभी राहिले नाही. पण मला घडवणारी माणसं सांगण्यासारखी होती, म्हणून ही हकिगत सांगते.

गुणवंतराव तारखात्यात नोकरीला होते. कचेरीतून आले की त्यांच्या हातांना चैन पडत नसे. शेजाऱ्याची छत्री असो की सायकल, जे मोडेल ते उघडून बघायचं, हा त्यांचा छंद. घरात पत्नी इंदिराबाई आणि धाकटा भाऊ श्रीकांत. श्रीकांत सिव्हिल लाइन्समध्ये एका दफ्तरात नकला उतरवण्याचं काम करी आणि संध्याकाळी सतार वाजवी. गल्लीतली माणसं त्याची सतार ऐकत ओट्यावर बसून राहत.

एका पावसाळ्यात उतारावर टांगा उलटला आणि श्रीकांतचा डावा हात चाकाखाली आला. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. लिहिण्याचा हात शाबूत होता, त्यामुळे नोकरी टिकली. पण सतारीची तार दाबायला नेमकी तीच दोन बोटं लागतात. त्यानं सतारीला गवसणी घातली आणि ती कोपऱ्यात उभी केली. त्यानंतर तो जेवताना मान खाली घालून जेवू लागला. विचारलं तेवढंच उत्तर देई.

एके दिवशी गुणवंतराव सदर बाजारातून येत होते. एका बंगलीच्या व्हरांड्यात रेल्वेतला एक गोरा गार्ड गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत होता. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची. सतारीच्या मींडेसारखा सूर घसरत जाई. गुणवंतराव सायकल धरून शेवटपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी सायबाला विचारून गिटार विती विती मोजून घेतली.

घरी येऊन ते हळूच म्हणाले, "इंदिरा, सायबाची गिटार पाहिली आज, मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. तिला डाव्या हाताची बोटं लागत नाहीत. नुसती कांडी धरता आली की झालं."

"मग आणा ना एक."

"इथं कुठं मिळते? मी बनवतो."

"तुम्ही? मागं घड्याळ उघडलं होतं, ते अजून डब्यातच आहे जी," इंदिराबाई म्हणाल्या. पण त्यांनी अडवलं नाही. श्रीकांतला मात्र काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. आशा दाखवायची आणि काम फसायचं, तर त्याला दुसऱ्यांदा दुःख झालं असतं.

न्हाणीघर निवडण्याला कारण होतं. तिथे पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. त्याच्या मधलं धुराडं चांगलं तापलं, की गुणवंतराव लाकडाची पातळ ओली पट्टी त्यावर दाबून हळूहळू वाकवत. माझ्या कमरेचा बाक त्या बंबानं दिला आहे. पाठ आणि कडा तून नावाच्या झाडाच्या लाकडाच्या, पोट एका मोडक्या खोक्यातल्या देवदाराच्या फळीचं. चिकटवलेल्या कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे आवळले जात. वर वजनाला इंदिराबाईंचा पाटा. घरची माणसं मात्र विहिरीवर आंघोळ करू लागली. बंबाची दुरुस्ती चालू आहे, असं श्रीकांतला सांगितलं होतं.

बरं, हे सगळं ऐन मे महिन्यात. न्हाणीघरातून धूर निघताना पाहून दूधवाला नथ्थू थबकला. "बाबूजी, इतनी गर्मी में पानी गरम कर रहे हैं?"

"तबियत थोडी ठीक नहीं, भैया," गुणवंतराव आतून म्हणाले. दुसऱ्या दिवशी नथ्थूनं त्यांच्यासाठी काढ्याची पाळंमुळं आणून दिली. तो काढा त्यांना प्यावा लागला.

लाकूड चिकटवायचा सरस शिजवला त्या दिवशी घरभर वास सुटला. "हे काय शिजवून राहिले तुम्ही?" इंदिराबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या. "श्रीकांतभावजी विचारून राहिले होते, उंदीर मेला काय म्हणून."

शेवटी माझ्यावर तारा चढल्या. गुणवंतराव खुंट्या पिळत गेले. माझं पोट ताणलं गेलं, मला वाटलं आता गाणार. तोच धाडकन आवाज झाला. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पोटाचा टवका घेऊन उडाली आणि बंबावर आपटली.

बंब फुटला असं वाटून श्रीकांत धावत आला. दारात उभा राहून बघतो तर दादा जमिनीवर बसलेले, मांडीवर फाटक्या पोटाची मी. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुणवंतरावांनी सदर बाजारातल्या सायबापासून सगळं सांगितलं.

श्रीकांत आत येऊन दादांच्या शेजारी बसला. मग त्यानं मला उचललं आणि बोटाच्या पेरानं ठोकून ऐकलं.

"तारांचा ओढा किती असतो, हे मला काहून नाही विचारलं, दादा? आतून आधार नाही दिला तर घोडी टिकणार कशी?"

"तुला सांगायचं नव्हतं रे."

"आता सांगितलं ना. चलो, पाठ उघडा हिची."

त्या दिवसापासून न्हाणीघरात दोघं भाऊ दिसू लागले. गुणवंतराव कापत, श्रीकांत ठोकून ऐकत राही. "इथं जाड आहे, अजून तासा." डाव्या तळहातानं मला दाबून धरताना तो आपला हात लपवायचं विसरून जाई. जेवताना दोघं भाऊ इतकं बोलू लागले, की वाढलेली भाकरी निवून जाई. इंदिराबाई रागावत, पण ते रागावणं वरवरचं असे.

कांडीचा प्रश्न राहिला होता. गुळगुळीत आणि जड कांडी मिळेना. तेव्हा इंदिराबाईंनी आपल्या लग्नातल्या वेलदोडे कुटायच्या पितळी खलाचा बत्ता आणून दिला. अंगठा, अनामिका आणि करंगळी यांच्यामध्ये तो बरोबर बसला. उजव्या हातात श्रीकांतनं सतारीचीच नखी चढवली. माझा पहिला सूर घोगरा निघाला. दुसरा जरा बरा. श्रावण संपेपर्यंत माझा गळा मोकळा झाला.

गणेशोत्सवात मराठी मंडळींच्या मंडपात संध्याकाळच्या आरतीनंतर श्रीकांतनं वाजवावं असं ठरलं. तो मंचावर बसला खरा, पण डाव्या हातावर त्यानं रुमाल पांघरला होता. पहिल्याच सुराला रुमाल बत्त्याखाली अडकला आणि मी भरकटले. पुन्हा तसंच. मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. श्रीकांतच्या कपाळावरचा घाम माझ्या अंगावर पडला. आता हा उठून जातो की काय, अशी मला भीती वाटली.

त्यानं रुमाल काढला. घडी करून खिशात ठेवला. सगळ्यांना हात दिसला. मग त्यानं भूप सुरू केला, आणि मंडपात एवढी शांतता झाली की समईची वात चुरचुरलेली मला ऐकू आली. बायकांच्या बाजूला बसलेल्या इंदिराबाई शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "तो बत्ता माझा आहे."

पुढची काही वर्षं मी खूप वाजले. लग्नकार्यात, बारशात, शाळेच्या संमेलनात. मग श्रीकांतच्या कामाचा व्याप वाढला आणि मी खुंटीवर गेले. तारा ताणलेल्याच राहिल्या. जबलपूरच्या कडक उन्हाळ्यात माझी मान वाकली, पाठीला चीर पडली. कोणाचं वाईट मनात नव्हतं, नुसतं लक्ष नव्हतं.

अशा दिवसांत बाबाराव नावाचे गृहस्थ आपल्या जया नावाच्या मुलीला घेऊन आले. तिचा डावा हात जन्मापासून कमजोर होता, आणि तिला वाजवायला शिकायचं होतं. श्रीकांतनं मला खाली काढलं, धूळ पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मी तिला फार मोठी झाले. तिचे हात पुरेनात आणि तिचा चेहरा उतरला.

"थांब बेटा," श्रीकांत म्हणाला. त्यानं सुतळी घेतली आणि तिच्या मांडीचं माप काढलं. मग आत बघून हाक मारली, "दादा, या इकडे. एक लहान बनवून राहिलो आपण."

मित्रांनो, वाद्य वाजवून झालं की त्याच्या तारा थोड्या सैल करा, त्याला उन्हात ठेवू नका. आणि तुमच्या घरात कोणी काही बनवत असेल, पसारा पडला असेल, वास येत असेल, तर थोडे दिवस सोसा. ते कोणासाठी चाललं आहे, हे तुम्हाला कदाचित अजून ठाऊक नसेल.

ती लहान गिटार दिवाळीपर्यंत तयार झाली. तिचा आवाज माझ्याहून गोड आहे. हे मी स्वतः ऐकलं आहे, आणि आनंदानं सांगते.