बाबाच्या वतीनं

रविवारी मुलं पहिलं कम्युनियन, म्हणजे जिभेवर पवित्र भाकरीचा तुकडा घेणार होती, म्हणून शनिवारी सकाळी त्यांचं पहिलं पापनिवेदन झालं. जाळीच्या कपाटाशी गुडघे टेकून एकेक पोर आपली पापं फादरांच्या कानात घालून येत होतं. बहिणीची वेणी ओढली, मिस्साच्या उपासनेत खुसुखुसु हसलो, आईनं झाकून ठेवलेला गूळ खाल्ला. तेवढं सांगून झालं की पोरं मोकळी होऊन चिंचेखाली पळत होती. क्लारा तेवढी पळाली नाही. फ्रॉकचा घेर मुठीत धरून ती सिसिलसमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, मी उद्या कम्युनियन घेणार नाही."

साताऱ्यातल्या त्या लहानशा चर्चमध्ये सिसिल मुलांना धर्मशिक्षण द्यायची. काखेत आपला तान्हा जोसेफ आणि हातात पुस्तक, असाच तिचा वर्ग चाले. त्यातून क्लाराची ती धर्ममाता. आठ वर्षांपूर्वी ह्याच चर्चमध्ये तिनं क्लाराला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं होतं. तेव्हा तिचं स्वतःचं लग्नही झालं नव्हतं. क्लाराचा बाप मार्टिन ट्रकवर ड्रायव्हर. गडी मनानं वाईट नव्हता, पण प्यायचा, आणि प्याला की हात उचलायचा. शेवटी दिवाळीनंतर त्याची बायको रोझलिन धाकट्याला घेऊन सांगलीला माहेरी निघून गेली आणि तिथं एका दवाखान्यात आया म्हणून लागली. क्लारालाही ती नेत होती. पण क्लारा म्हणाली, "मी गेले तर बाबाला सकाळी उठवणार कोण?" आणि आजीच्या भरवशावर इथंच राहिली.

सिसिल फादरांकडं गेली. "फादर, क्लारा नाही म्हणतेय. काय झालं?"

फादरांनी चष्मा काढून पुसला. "आत काय झालं ते मला सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. तिलाच विचार. आणि घाई करू नकोस." एवढं बोलून त्यांनी टेबलावरची दोन बिस्किटं तिच्या हातावर ठेवली. "ही तिला दे."

दुपारी सिसिलनं क्लाराला घरी आणलं. शेजारच्या सुलाबाईंनी जोसेफला उचललं. "बोला तुमी निवांत. ह्यो हाय माझ्यापाशी."

क्लारानं एक बिस्किट संपवलं, दुसरं फ्रॉकच्या खिशात ठेवलं. ते कुणासाठी, हे सिसिलनं विचारलं नाही.

"मी बाबाचं सांगितलं," क्लारा म्हणाली. "फादर म्हणाले, फक्त तुझं सांग. मी म्हटलं, माझं थोडंच आहे, बाबाचं लय आहे, ते आधी घ्या. तर घेईनातच. मग मी तरी कशाला कम्युनियन घेऊ?"

"अगं, पण बाबाचं तू कशाला सांगायचं?"

"जोसेफच्या बाप्तिस्म्याला त्याच्या मामानं नाही का सांगितलं? फादरांनी विचारलं, सैतानाला सोडतोस का? मामा म्हणाला, सोडतो. जोसेफ तर झोपलेला. तूच वर्गात म्हणालीस, धर्मपिता बाळाच्या वतीनं बोलतो."

सिसिलला हसूच आलं. शिकवलेलं पोरीनं कुठं नेऊन लावलं होतं.

"जोसेफला बोलता येत नाही म्हणून मामा बोलला, राणी."

"बाबाला तरी कुठं येतं? प्याला की ओरडतो. नाहीतर भिंतीकडं बघत बसतो." क्लारानं फ्रॉकचा घेर पुन्हा मुठीत धरला. "बाबाचं सगळं पुसलं असतं तर आई आली असती."

सिसिलनं तिला जवळ ओढलं. असल्या वेळी सांगायचं कसं, हे पुस्तकात नव्हतं.

"हे बघ. ज्याचं पाप त्यानंच सांगायचं, कारण ते सोडायचंही त्यालाच असतं. तू 'सोडलं' म्हणून बाबाची दारू सुटेल का? त्याचं पिणं हे तुझं पाप नाही. आई गेली, तेही तुझ्यामुळं नाही. आणि ती परत येईल का, ते मला माहीत नाही गं. पण तुझ्या कम्युनियनवर ते अडलेलं नाही."

"मग मी काय करायचं?"

"उद्या पांढरा फ्रॉक घालायचा आणि जीभ नीट बाहेर काढायची."

"आणि बाबासाठी?"

"प्रार्थना कर. ती दुसऱ्यासाठी चालते."

क्लाराला हे फारसं पटलेलं दिसलं नाही. सिसिल उठली. "चल, बाबाकडं जाऊ."

मार्टिन उंबऱ्यात बसून क्लाराच्या कॅनव्हासच्या बुटांना खडू फासत होता. आज तो शुद्धीत होता. सिसिलला बघून तो ओशाळला. "या सिसिलबाई. उद्याची तयारी चाललीय."

"बाबा, मी तुझं पापनिवेदन केलं," क्लारा म्हणाली. "पण ते झालं नाही."

त्याच्या हातातला खडू थांबला. "माझं? काय सांगितलंस?"

"पितोस ते. आईला मारलंस ते. आणि माझी नवी चप्पल ओढ्यात फेकलीस ते."

मार्टिननं हातातला बूट खाली ठेवला. "चपलेचं मला ध्यानातच नव्हतं," तो हळूच म्हणाला.

सिसिलनं सुनावायचं म्हणून बरंच काही मनात जुळवलं होतं. त्यातलं थोडंच बोलली. "मार्टिनदादा, तुमच्या तोंडाला वास आला की क्लारा माझ्याकडं येणार, आणि तुम्ही तिच्या मागं यायचं नाही. मी तिची धर्ममाता आहे. ते काय एका दिवसापुरतं नव्हतं."

"व्हय," मार्टिन म्हणाला. मग पोरीकडं न बघता, "जात जा गं."

क्लारानं खिशातलं बिस्किट काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवलं.

रविवारी रोझलिन सांगलीहून पहाटेच्या एसटीनं आली. कडेवर धाकटा, पिशवीत स्वतः शिवलेला पांढरा फ्रॉक. "संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय मला," तिनं आल्या आल्या सांगून टाकलं. सिसिलनं तिला आपल्या शेजारी जागा दिली.

मिस्साच्या आधी फादर जाळीच्या कपाटात बसले होते. रांगेत शेवटी मार्टिन, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात. त्याची पाळी आली. तो जाळीशी गुडघे टेकून बसला, आणि उठायचं नावच घेईना. घंटा वाजवायची वेळ टळून गेली, बाकांवर चुळबुळ सुरू झाली. रोझलिननं एकदा तिकडं पाहिलं आणि धाकट्याचं टोपडं सारखं केलं.

पुढच्या बाकावरून क्लारानं मागं वळून विचारलं, "मावशी, बाबाला एवढा वेळ कशाला लागतोय?"

"त्याचं लय आहे, तूच म्हणालीस ना?"

क्लारानं क्षणभर विचार केला. "चपलेचं सांगेल ना?"

"सांगेल की. आता ध्यानात आहे त्याच्या."

तेवढ्यानं तिचं समाधान झालं असावं. ती पुढं वळली, खडूनं पांढरे झालेले बूट तिनं नीट जुळवून ठेवले, आणि जीभ बाहेर काढून एकदा करून पाहिलं. रोझलिननं पदर तोंडाशी नेला. पण तिला आलेलं हसू सिसिलनं पाहिलंच.